थायरॉईडच्या गोळीमुळे नखं तुटतात का? त्वचा आणि नखांच्या तक्रारींमागची खरी कारणं

पुण्यातल्या खराडीत सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर लॅबची माणसं दुचाकीवरून येताना दिसतात. घरोघरी जाऊन ती अनशापोटीचं रक्त घेतात. त्यातल्या बऱ्याच नळ्यांवर टीएसएच, म्हणजे थायरॉईडची तपासणी लिहिलेली असते. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मोबाईलवर येतो, दुसऱ्या दिवशी गोळी सुरू होते आणि दोन-तीन महिन्यांनी एक प्रश्न पडतो: "गोळी सुरू केल्यापासून नखं तुटायला लागली, अंग कोरडं पडलं, केसही गळतायत. हा गोळीचा साइड इफेक्ट तर नाही?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर स्वतःच ठरवून गोळी बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. बहुतेक वेळा नखं आणि त्वचेच्या या तक्रारी गोळीच्या नसतात. त्या आजाराच्या असतात, चुकलेल्या डोसच्या असतात किंवा तिसऱ्याच कुठल्या कारणाच्या. काही वेळा मात्र त्या खरोखरच औषधाच्या असतात आणि तेव्हा लगेच पावलं उचलावी लागतात. यातला फरक ओळखायचा कसा, ते समजून घेऊया.

आधी पाहा: तुमची गोळी नेमकी कोणती?

'थायरॉईडची गोळी' म्हणून ओळखली जाणारी औषधं दोन प्रकारची आहेत आणि त्यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत.

पहिलं औषध लेव्होथायरॉक्सिन. थायरॉईड ग्रंथी कमी काम करत असेल (हायपोथायरॉईडिझम), तर ही गोळी दिली जाते. भारतात थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन अशा नावांनी ती मिळते. आपली ग्रंथी जे टी-४ संप्रेरक तयार करते, तेच या गोळीत कृत्रिमरीत्या बनवलेलं असतं. म्हणजे शरीरात जे कमी पडतंय त्याचीच ती भरपाई आहे.

दुसरं औषध कार्बिमाझोल. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल (हायपरथायरॉईडिझम), तर तिला आवरण्यासाठी ते दिलं जातं. शरीरात नैसर्गिकरीत्या नसलेलं हे रसायन आहे. त्यामुळे त्याचे त्वचेवरचे दुष्परिणाम वेगळे आणि जास्त प्रमाणात दिसतात.

भारतात पहिल्या औषधाची गरज असणाऱ्यांची संख्या खूप मोठी आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास ११ टक्के लोकांमध्ये हायपोथायरॉईडिझम आढळला. त्यात पुण्याचा समावेश नव्हता, पण शहरी महाराष्ट्रात हा आजार किती सर्रास आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

थायरॉईड कमी झालं की त्वचेचं काय होतं?

थायरॉईड संप्रेरक शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, घाम कमी येतो, त्वचेला ओलसर ठेवणाऱ्या तेलग्रंथी मंदावतात. परिणामी त्वचा कोरडी, खरखरीत, थंड आणि फिकट होते. टाचांना भेगा पडतात. भुवयांचा बाहेरचा भाग विरळ होतो.

काहींचे तळहात पिवळसर दिसू लागतात आणि कावीळ झाली की काय अशी भीती वाटते. गाजर, पपईसारख्या पदार्थांतल्या कॅरोटीनचं 'अ' जीवनसत्त्वात रूपांतर होण्याचा वेग मंदावल्यामुळे असं होतं. कावीळीत डोळ्यांचा पांढरा भागही पिवळा होतो, इथे तो पांढराच राहतो.

आजार जुना आणि तीव्र असेल तर चेहरा, पापण्या सुजल्यासारख्या दिसतात. ही सूज बोटाने दाबली तरी खड्डा पडत नाही, कारण त्वचेखाली पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचलेले असतात.

नखं हळू वाढतात, पातळ किंवा जाड होतात, त्यांवर रेषा उमटतात, टोकाला पापुद्रे सुटतात आणि ती सहज तुटतात.

थोडक्यात, ज्या तक्रारींचा दोष गोळीला दिला जातो, त्यांतल्या बहुतेक गोळी सुरू होण्याआधीच्या आजाराच्या यादीत आहेत. या आजारावर संप्रेरकाची भरपाई करून उपचार पहिल्यांदा झाले ते १८९१ मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे. जॉर्ज मरे या डॉक्टरांनी एका महिलेला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. तिची सूज उतरली, त्वचेचा कोरडेपणा कमी झाला आणि पुढे ती २८ वर्षं जगली. उपचार लागू पडल्याचं त्वचेवरही दिसत होतं.

मग गोळी सुरू केल्यावरच नखं का तुटतात?

याचं उत्तर नखांच्या वाढीच्या वेगात आहे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत नवं नख यायला सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या नखांना वर्ष ते दीड वर्ष लागतं. थायरॉईड कमी असताना हा वेग आणखी मंदावतो.

समजा, जूनमध्ये गोळी सुरू झाली. सप्टेंबरमध्ये बोटाच्या टोकाला जे नख तुटतंय, ते मुळाशी तयार झालं होतं मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आजार अंगात असताना आणि गोळी नसताना. टोकाला दिसणारं नख काही महिन्यांपूर्वीची तब्येत सांगत असतं. आजची तब्येत पाहायची असेल तर नखाच्या मुळाशी, कातडीलगत पाहायला हवं. तिथलं नवं नख गुळगुळीत येत असेल, तर उपचार बरोबर चालले आहेत.

केसांचंही असंच आहे. थायरॉईड कमी असताना बरेच केस वाढ थांबवून 'विश्रांतीत' जातात. उपचार सुरू झाल्यावर नवे केस वाढू लागतात आणि जुने गळतात. लेव्होथायरॉक्सिन सुरू केल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत केस गळू शकतात, असं या औषधाच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं. हे गळणं बहुतेकांच्या बाबतीत तात्पुरतं असतं.

डोस जास्त झाला तर?

लेव्होथायरॉक्सिनचे दुष्परिणाम म्हणून जे दिसतात, ते प्रामुख्याने डोस गरजेपेक्षा जास्त झाल्याचे परिणाम असतात. म्हणजे गोळीमुळेच शरीरात थायरॉईडचं प्रमाण वाढतं.

अशा वेळी त्वचा कोरडी न राहता उलट गरम आणि ओलसर लागते. घाम जास्त येतो, चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, केस बारीक आणि मऊ होतात. नखं मऊ होऊन खालच्या मांसापासून सुटू लागतात. नखाचं टोक पांढरट दिसतं, त्याखाली मळ साचतो. ही सुरुवात बहुधा अनामिकेपासून किंवा करंगळीपासून होते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर हेन्री प्लमर यांच्या नावावरून अशा नखांना 'प्लमर्स नेल्स' म्हणतात. १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे संप्रेरक पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, तेही याच मेयो क्लिनिकमध्ये.

नखांसोबत छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, वजन घटणं, जुलाब अशी लक्षणं असतील तर टीएसएच लगेच तपासावा. डोस बराच काळ जास्त राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात. यावर उपाय डोस कमी करण्याचा आहे आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा आहे.

गोळीची ॲलर्जी होऊ शकते का?

होऊ शकते, पण क्वचित. लेव्होथायरॉक्सिन हे शरीरातल्याच संप्रेरकासारखं असल्यामुळे त्याची स्वतःची ॲलर्जी फारच दुर्मीळ आहे. मात्र गोळी म्हणजे फक्त औषध नसतं. ५० मायक्रोग्रॅम औषधाची गोळी धरता येण्याइतकी मोठी करण्यासाठी त्यात इतर घटक मिसळलेले असतात. ते कंपनीनुसार बदलतात. काही गोळ्यांत दुग्धशर्करा असते, काहींत डिंक, तर काहींत रंग. ॲलर्जी झालीच तर बहुधा यांपैकी एखाद्या घटकाची असते.

अशा ॲलर्जीत अंगावर पित्त उठतं, लाल चट्टे येतात, खाज सुटते. सहसा गोळी सुरू केल्यावर किंवा कंपनी बदलल्यावर लवकरच हे दिसतं. म्हणून मेडिकलमधून नवी बाटली किंवा पाकीट आणलं की नाव, कंपनी आणि ताकद पाहून ठेवावी. संशय आला तर डॉक्टर दुसऱ्या कंपनीची किंवा रंग नसलेली गोळी देऊन पाहतात. कंपनी बदलल्यावर टीएसएच पुन्हा तपासावा लागतो.

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं.

कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

कार्बिमाझोलमुळे पुरळ, खाज किंवा पित्त उठणं हा खरा आणि ओळखीचा दुष्परिणाम आहे. शंभरातल्या साधारण पाच जणांना तो होतो आणि बहुधा पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. सौम्य असेल तर डॉक्टर खाजेची गोळी देऊन औषध चालू ठेवतात, वाढत असेल तर बदलतात.

मात्र एका धोक्याची माहिती हे औषध घेणाऱ्या प्रत्येकाला हवी. हजारातल्या साधारण दोन ते पाच जणांमध्ये रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी अचानक खूप कमी होतात. हे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत घडतं. ताप, घसा दुखणं, तोंडात फोड ही त्याची लक्षणं आहेत. कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसादुखी आली तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी थांबू नये. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तपेशींची तपासणी, म्हणजे सीबीसी, करून घ्यावी. स्वतःहून गोळी थांबवण्याची सूचना ज्या मोजक्या प्रसंगी लागू होते, त्यांतला हा एक.

गरोदर राहण्याचा विचार असेल तर हे औषध सुरू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं. सुरुवातीच्या महिन्यांत घेतल्यास बाळाच्या टाळूवर त्वचा नीट तयार न होण्यासारखे दोष राहू शकतात. त्यामुळे त्या काळासाठी डॉक्टर सहसा दुसरं औषध निवडतात.

नखांसाठी बायोटिन घेताय? मग रिपोर्ट चुकू शकतो

नखं तुटायला लागली की बरेच जण 'हेअर, स्किन अँड नेल्स' लिहिलेल्या गोळ्या किंवा गमी सुरू करतात. त्यांत बहुधा बायोटिन असतं. शरीराला त्याची रोजची गरज साधारण ३० ते ४० मायक्रोग्रॅम आहे. बाजारातल्या अनेक गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम.

अडचण अशी की अनेक लॅबमधल्या यंत्रांच्या तपासणी पद्धतीतही बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात बायोटिन जास्त असेल तर ही तपासणी गोंधळते. टीएसएच खोटा कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त येऊ शकतात. रिपोर्ट पाहून वाटतं की डोस जास्त होतोय. मग डोस कमी केला जातो. प्रत्यक्षात तो बरोबर असतो किंवा कमीच पडत असतो. त्यामुळे नखं आणखी बिघडतात आणि बायोटिन आणखी वाढवलं जातं.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये बायोटिनमुळे चुकणाऱ्या रक्त तपासण्यांबद्दल इशारा दिला होता. थायरॉईडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. मात्रा खूप मोठी असेल तर जास्त दिवसही लागू शकतात. रक्त घ्यायला आलेल्या माणसाला आणि डॉक्टरांना 'मी बायोटिन घेते' हे सांगायला विसरू नये.

थायरॉईडचा संबंधच नसेल तर?

थायरॉईड आहे म्हणजे प्रत्येक तक्रार त्याचीच, असंही नसतं. ही कारणंही तपासून पाहावीत:

- लोह कमी असणं. नखं पातळ, सपाट किंवा चमच्यासारखी खोलगट होतात, केस गळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासलं की लोहाच्या साठ्याचा अंदाज येतो.
- जेल पॉलिश आणि कृत्रिम नखं. ती वारंवार लावणं, खरवडून काढणं, ॲसिटोनमध्ये बोटं बुडवणं यामुळे नखं पातळ होतात आणि सुटतातही.
- बुरशी. एक-दोनच नखं जाड, पिवळी आणि ठिसूळ झाली असतील, विशेषतः पायाची, तर बुरशीचा संशय घ्यावा. थायरॉईडचा परिणाम सहसा अनेक नखांवर दिसतो.
- पाणी आणि हवा. खराडीतल्या अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलच्या पाण्यावर अवलंबून असतात. जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही आणि त्वचा ओढल्यासारखी होते. त्यात आठ-नऊ तासांचा एसी आणि पुण्याची कोरडी थंडी. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर लावल्याने फरक पडतो.
- सोबतचे आजार. थायरॉईड कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. अशा लोकांमध्ये कोड आणि चाई हे आजारही इतरांपेक्षा जास्त दिसतात. ते गोळीमुळे होत नाहीत.

गोळी घेण्याच्या पद्धतीत चूक होतेय का?

पोटात गेलेली गोळी रक्तात पोहोचलीच नाही, तर डोस कागदावर बरोबर असूनही नखं-त्वचेच्या तक्रारी राहतात. लेव्होथायरॉक्सिन अनशापोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावी. त्यानंतर चहा, कॉफी आणि नाश्त्यासाठी किमान अर्धा तास, शक्यतो एक तास थांबावं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये किमान चार तासांचं अंतर ठेवावं. पित्तासाठी घेतलेल्या अँटासिडलाही हाच नियम लागू आहे. बऱ्याच घरांत सकाळी सगळ्या गोळ्या एकदमच घेतल्या जातात. त्यात नखांसाठी सुरू केलेलं लोहच थायरॉईडच्या गोळीला अडवतं.

खराडीच्या आयटी पार्कमध्ये अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणाऱ्यांची 'सकाळ' दुपारी होते. त्यांना ठरावीक वेळ पाळणं कठीण जातं. अशांना डॉक्टरांशी बोलून झोपताना, शेवटच्या जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेता येते. घड्याळात किती वाजले यापेक्षा पोट रिकामं असणं आणि रोज एकच वेळ पाळणं महत्त्वाचं.

"चार दिवस बंद केली, काहीच झालं नाही"

हा अनुभव अनेक जण सांगतात आणि तो खराही असतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे चार दिवसांत शरीराला फारसं कळत नाही. पाच-सहा आठवड्यांत मात्र साठा संपतो. मग थकवा, सूज, बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन परत येतं आणि कोरडी त्वचा, ठिसूळ नखंही येतात. तोपर्यंत 'गोळी बंद केली होती' हे विसरलेलं असतं.

गरोदरपणात तर गोळीची गरज वाढते. आईची गोळी बंद झाली तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. जुना, उपचार न केलेला आजार क्वचित बेशुद्धीपर्यंत नेतो आणि जिवावर बेततो. नखांसाठी हा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

डोस बदलल्यावरही याच कारणाने टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. त्याआधी केलेल्या तपासणीवरून डोस बरोबर आहे की नाही, ते नीट कळत नाही.

थोडक्यात: काय दिसलं तर काय करायचं?

- नखं ठिसूळ, त्वचा कोरडी, गोळी सुरू होऊन सहा महिनेही झाले नाहीत: गोळी चालू ठेवा, नखाच्या मुळाशी नवी वाढ कशी येतेय ते पाहा.
- सहा महिन्यांनंतरही फरक नाही: टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन तपासा. गोळी घेण्याची पद्धत आणि बायोटिन यांबद्दल डॉक्टरांशी बोला.
- नखं सुटतायत, घाम, धडधड, थरथर: डोस जास्त असू शकतो. लवकर डॉक्टरांना भेटा.
- नवी गोळी सुरू केल्यावर पित्त उठलं, खाज: पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.
- कार्बिमाझोल चालू आणि ताप, घसादुखी: पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर आणि सीबीसी.
- चेहरा-ओठ सुजले, श्वास लागला, त्वचेवर फोड येऊन साल निघू लागली: ताबडतोब रुग्णालय.

औषधाचा दुष्परिणाम झाल्याचा संशय असेल तर त्याची नोंद रुग्णालाही करता येते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत देशभर औषध सुरक्षेचा कार्यक्रम चालतो. १८००-१८०-३०२४ ही त्याची मोफत हेल्पलाइन आहे.

एक साधी सवय फार उपयोगी पडते. महिन्यातून एकदा, त्याच उजेडात, दोन्ही हातांच्या नखांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि गोळीची ताकद, कंपनी, टीएसएचचा आकडा त्याच दिवशी लिहून ठेवावा. सहा फोटो शेजारी ठेवले की चांगलं नख मुळापासून पुढे सरकतंय की नाही, ते डॉक्टरांनाही दिसतं आणि गोळी घेणाऱ्यालाही.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू करणं, बंद करणं किंवा डोस बदलणं हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावं.)